शहाणी इमारत



वैशाखातल्या या संध्याकाळी, उघड्या मैदानावर, वाऱ्याची झुळूक येईल तेव्हा येईल अशा भरवशावर आपण सारे येथे जमलो आहोत. या सभास्थानाला भिंती नाहीत, छप्पर नाही. विजेचा खर्च म्हणावा तर चार दिवे आणि हा ध्वनिक्षेपक एवढाच. ऊन उतरल्यावर सभा भरवावी असे ज्यांनी प्रथम ठरवले, त्यांनी हवेचे नियंत्रण यंत्रावाचून साधले असेच म्हटले पाहिजे. अशा जागी उभे राहून मला आज बोलायचे आहे ते अगदी उलट प्रकारच्या वास्तूंविषयी. ज्यांच्या भिंती काचेच्या, ज्यांच्या खिडक्या उघडतच नाहीत, आणि ज्यांत भर दुपारी बाहेर डोळे दिपवणारे ऊन असताना आत दिवे लावून बसावे लागते, अशा कचेऱ्या, बँका, दुकानांची संकुले, हॉटेले आणि रुग्णालये यांच्याविषयी.

पत्रिकेत विषय 'व्यापारी इमारतींतील स्मार्ट तंत्रज्ञान आणि त्याचे फायदे' असा छापला आहे. 'स्मार्ट' या शब्दाला मराठीत काय म्हणावे याचा मी थोडा विचार केला. 'हुशार' म्हणता येईल. पण मी 'शहाणी' हा शब्द निवडला आहे. हुशार माणसाला पुष्कळ गोष्टी कळतात. शहाण्याला केव्हा काय करावे हे कळते, आणि केव्हा स्वस्थ बसावे हेही कळते. आजच्या बाजारात हुशार इमारती पुष्कळ मिळतात. शहाण्या थोड्या आहेत. हा फरक कशाने पडतो, हाच माझ्या भाषणाचा विषय समजा.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर या गावी शिक्षकांचे एक विद्यालय होते. तेथे वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवीत असत. हिवाळ्यात वर्ग उबदार ठेवण्यासाठी तळघरात भट्टी असे, आणि कोणत्या वर्गात किती उष्णता झाली आहे हे पाहण्यासाठी देखरेखीचा नोकर वेळोवेळी वर्गात शिरे. शिकवण्यात खंड पडे, आणि तो परत तळघरात जाऊन झडप फिरवीपर्यंत मुले कुडकुडत तरी किंवा घामाघूम तरी होत. जॉन्सन यांनी तापमान ठरावीक मर्यादेच्या बाहेर गेले की तळघरात घंटा वाजावी अशी विजेची योजना केली, आणि १८८३ साली तिचे पेटंट मिळवले. दोन वर्षांनी त्यांनी मिलवॉकी येथे कंपनी काढली, आणि हळूहळू घंटेची व नोकराचीही गरज न उरता झडप आपली आपणच फिरू लागली. एवंच, इमारतीला शहाणपण देण्याची ही सुरुवातीची एक धडपड एका मास्तराने आपला वर्ग सुरळीत चालावा म्हणून केली.

वातानुकूलनाची कथाही अशीच. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात हवेतल्या दमटपणामुळे कागद फुगे व आक्रसे, आणि रंगावर रंग नेमका बसत नसे. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने हवेतील आर्द्रता आवरण्यासाठी यंत्र रचले. माणसाला गारवा मिळावा हा त्यामागचा हेतू नव्हता. कागद शहाण्यासारखा वागावा हा होता! माणसाचा नंबर मागाहून लागला.

आता आजच्या शहाण्या इमारतीची घडण पाहू. आपल्याकडे शरीराचे वर्णन करताना ज्ञानेंद्रिये, कर्मेंद्रिये आणि मन अशी विभागणी करतात. तीच येथे चपखल लागू पडते. इमारतीची ज्ञानेंद्रिये म्हणजे संवेदक. खोलीचे तापमान, हवेतला दमटपणा, उजेड, माणसांची ये-जा, नळातून वाहणारे पाणी, तारेतून जाणारी वीज, हे सारे ते टिपतात. कर्मेंद्रिये म्हणजे पंखे, पंप, झडपा, व्हॉल्व्ह, दिवे, लिफ्ट. आणि या दोहोंच्या मध्ये बसलेले मन म्हणजे संगणकावर चालणारी नियंत्रणव्यवस्था. तिला या धंद्यातले लोक 'बी.एम.एस.' म्हणतात. पूर्वी अडचण अशी होती की प्रत्येक कारखानदाराचे यंत्र आपापली भाषा बोले. एकाचा पंप दुसऱ्याच्या संगणकाचे ऐकत नसे. म्हणून अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या 'अ‍ॅश्रे' या संस्थेने १९८७ पासून खटपट करून १९९५ साली 'बॅकनेट' नावाची एक समान बोली प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. इमारतीचे शहाणपण व्यवहारात उतरले त्याचे मोठे श्रेय या रूक्ष कामाकडे जाते.

आता फायदे. पहिला फायदा विजेचा, आणि तो कसा होतो हे समजून घेण्यासारखे आहे. मोठ्या इमारतीत गार हवा पंख्यांनी खेळवतात आणि गार पाणी पंपांनी फिरवतात. या पंख्यांचा एक नियम आहे: गती जितकी कमी करावी, त्याच्या घनाच्या प्रमाणात शक्ती कमी लागते. म्हणजे पंखा शंभराऐंवजी ऐंशी टक्के गतीने फिरवला, तर वीज ऐंशी टक्के लागत नाही; निम्म्याच्या जवळपास लागते. गती अर्ध्यावर आणली तर, निदान हिशेबाने, एक अष्टमांश पुरते. आता इमारतीचा पंखा निवडताना वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दुपारी, सारे मजले भरलेले असताना पुरेल असा निवडतात. तशा दुपारी वर्षात कितीशा येतात? उरलेले सारे दिवस तो पंखा उगाच धापा टाकत असतो. शहाणी इमारत त्याला गरजेपुरतेच पळवते. एवढ्या एका गोष्टीत पुष्कळ वीज वाचते.

तीच गोष्ट ताज्या हवेची. सभागृहात पाचशे माणसे बसतील असे धरून बाहेरची तप्त हवा आत घ्यायची आणि ती थंड करत बसायचे, मग आत दहाच माणसे का असेनात, ही जुनी तऱ्हा. माणूस श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याचे प्रमाण मोजले की आत माणसे किती आहेत याचा अंदाज येतो, आणि हवा त्या मानाने घेता येते. दिव्यांचेही तसेच. खिडकीपाशी उजेड असेल तर तेथले दिवे आपोआप मंद व्हावेत, खोली रिकामी झाली की विझावेत. 'दिवा मालवून ये' हे आपल्या घरातले आजीचे वाक्य होते. ते वाक्य आता यंत्राला शिकवले आहे, इतकेच.

दुसरा फायदा निगेचा. वैद्य नाडी पाहतो ती माणूस अंथरुणाला खिळल्यावरच पाहावी असे नाही. गार पाण्याचा व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल, पंपाचा थरथराट वाढला असेल, रात्री दोन वाजता सारी इमारत रिकामी असताना पाण्याचे मीटर फिरत असेल, तर हे सारे नोंदीतून आधी उमगते. रुग्णालयासारख्या ठिकाणी शस्त्रक्रियागृहाची हवा आयत्या वेळी बंद पडणे म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही.

तिसरा फायदा तेथे काम करणाऱ्यांचा. मे महिन्यात शाल पांघरून कचेरीत बसणाऱ्या बायका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. बाहेर चाळीस अंश, आत वीस! हे सुख नव्हे आणि काटकसर तर नव्हेच. तापमान एक अंशाने वर ठेवले तर वातानुकूलनाची वीज सुमारे सहा टक्के वाचते, असे आपल्या केंद्र सरकारचे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगते. आणि २०२० च्या जानेवारीपासून आपल्या देशात तारांकित एअर कंडिशनर कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. चौथा फायदा सुरक्षिततेचा. धूर दिसताच हवेचे पंखे थांबावेत, जिन्यांत धूर शिरू नये म्हणून तेथे दाब वाढावा, लिफ्ट तळमजल्यावर येऊन उघडी राहावी, ही कामे घाबरलेल्या माणसापेक्षा न घाबरणारे यंत्र चांगली करते. मात्र त्या यंत्राची परीक्षा नियमितपणे घेतली पाहिजे.

एवढे ऐकल्यावर कोणाला वाटेल की संवेदक बसवावेत, संगणक आणावा, की काम झाले. येथेच मला थांबून दोन उदाहरणे सांगायची आहेत.

पहिले न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचे. ही १०२ मजल्यांची इमारत १९३१ साली पुरी झाली. २००९ साली तिच्या नूतनीकरणाची योजना जाहीर झाली, तेव्हा जुनी थंड पाण्याची यंत्रे काढून मोठी नवी बसवावीत असा सोपा मार्ग समोर होता. अभियंत्यांनी उलटा विचार केला. आधी उष्णता आत येतेच का, आणि बाहेर जातेच का? साडेसहा हजारांवर खिडक्या एकेक उतरवून, इमारतीतच एका मजल्यावर कार्यशाळा थाटून, त्यांच्या दोन काचांमध्ये पातळ पारदर्शक पडदा बसवला व वायू भरला, आणि जवळजवळ साऱ्या जुन्या काचा पुन्हा वापरल्या. बाहेरच्या भिंतीलगतच्या रेडिएटरांमागे उष्णता परतवणारे पत्रे लावले. दिवे सुधारले. मग नियंत्रणव्यवस्था नवी केली. इतके केल्यावर गारव्याची गरजच इतकी घटली की नवी मोठी यंत्रे घ्यावी लागली नाहीत. जुनीच दुरुस्त करून भागले. ऊर्जेचा खर्च ३८ टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला सुमारे ४४ लाख डॉलरनी कमी करण्याचे उद्दिष्ट होते, आणि प्रत्येक भाडेकरूला आपला वापर दिसावा अशी सोयही त्यात होती. ध्यानात घ्या, संगणक या योजनेत होता. पण तो पंगतीत शेवटी वाढला गेला.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले. हैदराबादजवळ पोचारम येथे इन्फोसिसने २०११ साली एक कचेरी बांधली. तिचे दोन सारखे भाग आहेत. दिशा, खिडक्या, सावल्या, माणसे, सारे जवळजवळ समान. एका भागात नेहमीसारखी गार हवा खेळवली. दुसऱ्या भागात छताच्या काँक्रीटमध्येच नळ्या घालून त्यांतून गार पाणी फिरवले. सारख्या आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजारपट उष्णता वाहून नेते, हे त्यामागचे गमक. दोन्ही भागांना वेगळी मीटरे लावली आणि आकडे प्रसिद्ध केले. पाण्याने थंड केलेल्या भागाला वातानुकूलनाची वीज सुमारे ३४ टक्के कमी लागली, आणि बांधण्याचा खर्चही जास्त आला नाही. मला या प्रयोगात सर्वांत मोलाची वाटते ती मीटरे. मोजमाप नसते तर दोन्ही पक्ष आजही वाद घालत बसले असते. संवेदकाचा पहिला उपयोग यंत्र हलवण्यासाठी नसून आपले म्हणणे खरे की खोटे हे पाहण्यासाठी आहे.

तात्पर्य, क्रम महत्त्वाचा. आधी सावली, मग भिंत व खिडकी, मग योग्य यंत्र, आणि शेवटी बुद्धी. पश्चिमेकडे काचेची भिंत उभारायची आणि तिच्यातून आलेले ऊन संगणकाने आवरायचे, हे छपराला भोक पाडून खाली सोन्याची बादली ठेवण्यासारखे आहे. आपल्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेनेही, जी २००७ साली आली आणि २०१७ साली सुधारली गेली, भिंती, छप्पर, काचा यांच्यासाठी आधी मर्यादा घातल्या आहेत, त्या याच कारणाने.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण फायदे सांगून निघून जाणे हा विक्रेत्याचा धर्म आहे, व्याख्यात्याचा नव्हे.

पहिला प्रश्न, फायदा कोणाचा? इमारत मालकाची, बिल भाडेकरूचे. मालक म्हणतो, मी पैसे घालून याची वीज का वाचवू? भाडेकरू म्हणतो, पाच वर्षांनी सोडून जायच्या जागेत मी खर्च का करू? दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि म्हणून वीज वाया जाते. यावर उपाय यंत्रात नाही, भाड्याच्या करारात आहे. बचतीचा वाटा दोघांना मिळेल असे कलम लिहिले पाहिजे.

दुसरा प्रश्न पाळतीचा. आम्स्टरडॅम येथे २०१५ साली 'द एज' ही कचेरी उघडली. तिच्यात सुमारे २८ हजार संवेदक आहेत, दिव्यांना वीज संगणकाच्या तारेतूनच जाते, आणि अडीच हजार कर्मचाऱ्यांना एक हजारच टेबले. ज्याला जे रिकामे, ते फोनवरून कळते. जागेची ही काटकसर खरोखर थक्क करणारी आहे. पण जो संवेदक 'येथे कोणी आहे' हे सांगतो, त्याला 'कोण आहे' आणि 'किती वेळ जागेवर नव्हता' हे सांगायला शिकवणे मुळीच अवघड नाही. दिवा मालवण्यासाठी बसवलेला डोळा कारकुनाच्या चहाची मिनिटे मोजू लागला, तर ती शहाणी इमारत न राहता चहाडखोर इमारत होईल. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. पण कायद्याची वाट न पाहता प्रत्येक मालकाने हा नियम पाळावा: माणसे मोजावीत, नावे मोजू नयेत.

तिसरा प्रश्न चोरीचा. २०१३ साली अमेरिकेतील एका मोठ्या दुकानसाखळीच्या संगणकांतून सुमारे चार कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीस गेली. चोर आत शिरले ते शीतकरणाचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराला दिलेल्या परवलीच्या शब्दावर. तिजोरीला सात कुलपे होती, पण वारा येण्याची खिडकी उघडी राहिली. तेव्हा इमारतीची यंत्रे आणि पैशाचे व्यवहार एका तारेवर ठेवू नयेत, हा साधा धडा.

चौथा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटतो. माझे आयुष्य इमारतींच्या यंत्रघरांत गेले. एका मोठ्या कचेरीत, तिचे नाव सांगत नाही, मला बोलावणे आले की वीज फार जाते, कारण शोधा. नियंत्रण-कक्षात गेलो. भिंतीवर रंगीत पडदा, त्यावर सारे मजले हिरवे. तळघरात जाऊन पाहतो तो प्रत्येक पंपाची कळ 'ऑटो'वरून काढून 'मॅन्युअल'वर फिरवलेली. सारे पंप पूर्ण वेगाने, रात्रंदिवस. तेथल्या मेकॅनिकला विचारले, "दादा, हे कोणी केलं?" तो म्हणाला, "साहेब, मीच केलं. तिसऱ्या मजल्यावरून तक्रार आली, मोठे साहेब रागावले. मशीन काय करतंय ते मला कोणी शिकवलंच नाही. हाताने चालवलं की तक्रार येत नाही." चौकशी करता कळले की तिसऱ्या मजल्यावर थर्मोस्टॅटच्या अगदी खाली कोणी झेरॉक्सचे यंत्र आणून ठेवले होते. त्या यंत्राच्या उष्णतेने इमारतीला वाटे की मजला तापला आहे, आणि ती तो गोठवत राही.

श्रोतेहो, दोष कोणाचा? मेकॅनिकचा मुळीच नव्हे. कोट्यवधींची यंत्रणा विकत घेणाऱ्यांनी त्याच्या आठ दिवसांच्या शिक्षणाची तरतूद केली नव्हती. देखभालीचे कंत्राट सर्वांत कमी दराच्या निविदेला दिले होते, आणि त्या दरात शहाणपण बसत नव्हते. आम्ही झेरॉक्स हलवले, कळा एकेक करून 'ऑटो'वर आणल्या, आणि तो मेकॅनिक आमच्याबरोबर आठ दिवस होता. पुढे त्यानेच आम्हाला दोन व्हॉल्व्ह दाखवले, जे पडद्यावर मिटलेले दिसत आणि हाताला मात्र गार लागत. यंत्राला पडदा खरा वाटत होता. हाताला नळ खरा कळला.

म्हणून 'या यंत्रांनी माणसे बेकार होतील का' असे मला विचारतात, तेव्हा मी म्हणतो, ज्या इमारतींनी त्या माणसाला काढले, त्या लवकरच पुन्हा आंधळ्या होतात. नोकऱ्यांचे स्वरूप बदलेल, हे खरे. पहाऱ्यापेक्षा पारखीला किंमत येईल. पण ती पारख शिकवण्याची जबाबदारी मालकाची आहे.

आता शेवटचे. एअर कंडिशनर उष्णता नाहीशी करत नाही. ती उचलून बाहेर टाकतो, आणि स्वतःची भर घालून टाकतो. आतल्या शंभर जणांचा गारवा बाहेर पदपथावर भाजी विकणाऱ्या बाईच्या अंगावर झळ होऊन येतो. तिला आतल्या संवेदकांत स्थान नाही. देशातल्या वाढत्या उन्हाळ्यात गारव्याची गरज वाढत जाणार, हे ओळखूनच केंद्र सरकारने २०१९ साली शीतकरणाचा कृती-आराखडा प्रसिद्ध केला. गारवा नको असे मी म्हणणार नाही. रुग्णाला, कामगाराला, शाळेतल्या मुलाला तो हवाच आहे. पण जो गारवा रिकाम्या खोलीत सांडतो त्याची झळ कोणाला लागते, हा हिशेब विजेच्या बिलात छापलेला नसतो. शहाण्या इमारतीचा सर्वांत मोठा फायदा मला विचाराल तर हाच आहे: ती जे मालकाला वाचवते, ते रस्त्यालाही वाचवते.

आपल्या गावात नगरपालिकेची कचेरी आहे, सहकारी बँका आहेत, महाविद्यालये आहेत, रुग्णालये आहेत. त्यांच्या चालकांनी उद्या मोठी यंत्रणा विकत घ्यावी असे मी सुचवत नाही. गेल्या बारा महिन्यांची विजेची बिले काढून एका कागदावर ओळीने मांडा. एखाद्या रविवारी, इमारत बंद असताना, मीटर किती फिरते ते जाऊन पाहा. पश्चिमेच्या खिडक्यांना सावली आहे का ते बघा. आणि तळघरात जाऊन आपल्या मेकॅनिकला विचारा, "दादा, या कळा अशा का ठेवल्या आहेत?" तो जे उत्तर देईल तेथून आपल्या इमारतीच्या शहाणपणाला सुरुवात होईल. त्याला एक रुपयाही खर्च नाही.